कन्सोलमधला हब: आधी करंटचा हिशेब, मग पेचकस

गाडीच्या म्युझिक सिस्टीमला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) आणि मोठा ड्राइव्ह जोडण्याबद्दल इंदूर आणि आसपासच्या वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. एकाच्या उत्तरात दुसऱ्याचं अर्धं उत्तर दडलेलं आहे, म्हणून कृपया क्रमाने वाचावं.

प्रश्न (रामबाग, इंदूर): स.न.वि.वि. आमच्या हॅचबॅकमध्ये कंपनीनेच दिलेली टचस्क्रीन आहे आणि गिअरच्या पुढे एकच यूएसबी पोर्ट. वडिलांनी जमवलेली नाट्यपदं, अभंग आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं १ टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहेत. चार पोर्टचा हब आणून त्यात डिस्क, एक पेन ड्राइव्ह आणि फोनची वायर लावली. डिस्कमधून टिक-टिक आवाज येतो आणि स्क्रीनवर डिव्हाइस नाही असं येतं. घरी लॅपटॉपवर तीच डिस्क उत्तम चालते. हब बदलू का?

उत्तर: हब बदलून काही होणार नाही, कारण डिस्कला पुरेसा करंटच मिळत नाही. टिक-टिक ऐकू येते ती त्यामुळेच. तबकडी फिरायला लागते, करंट अपुरा पडतो, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. असं जास्त दिवस चालू ठेवू नका, डिस्क खराब होईल आणि वडिलांचा संग्रह जाईल. आज घरी गेल्यावर सगळ्यात आधी त्याची दुसरी प्रत काढा.

आता हिशेब पाहा. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात. स्वतःची वेगळी वीज नसलेला हब त्यातले १०० स्वतःसाठी धरतो आणि उरलेल्यातून प्रत्येक पोर्टला १०० देतो. तुमची डिस्क उलटी करून लेबल वाचा. ५ व्होल्टच्या पुढे ०.७ ते १ अँपिअरच्या आसपासचा आकडा छापलेला असेल, आणि तबकडी सुरू होताना ती तेवढा ओढतेही. त्यात फोन चार्ज व्हायला बसलेलाच आहे. लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला ९०० मिलिअँपिअर द्यावे लागतात, म्हणून घरी डिस्क चालते.

वायरही पाहावी लागेल. स्वस्त यूएसबी केबलच्या आतल्या तारा बहुधा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). अशा एक मीटर केबलमध्ये, जाण्या-येण्याची तार धरून, साधारण ०.४३ ओहम रोध असतो. अर्धा अँपिअर वाहिला की ०.२ व्होल्ट वाटेतच जातात. कन्सोलमधून, म्हणजे पुढच्या दोन सीटमधल्या प्लॅस्टिकच्या भागातून, मागे न्यायला दोन मीटरची केबल घेतली तर ५ चे ४.६ होतात आणि डिस्क तिथेच मान टाकते. केबल घेताना तिच्या आवरणावर २४ किंवा त्याहून कमी गेजचा आकडा छापलेला आहे का ते पाहा. २४ गेजच्या तारेत हीच घट निम्म्याहून कमी होते.

हबचा विचार करण्याआधी एक चाचणी करा, काही उघडावं लागत नाही. हबमध्ये फक्त एक साधा १६ किंवा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह लावून हब गाडीच्या पोर्टमध्ये द्या. गाणी वाजली, तर सिस्टीम हब ओळखते. वाजली नाहीत, तर ती हब ओळखत नाही आणि पुढचा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. कंपनीच्या कित्येक सिस्टीम हब मुळातच नाकारतात, हे गाडीच्या पुस्तकात यूएसबीच्या पानावर लिहिलेलंही असतं. पहिली चाचणी पास झाली तर दुसरा पेन ड्राइव्ह लावा. बऱ्याच सिस्टीम हब ओळखतात, पण एका वेळी एकच ड्राइव्ह वाचतात, आधी दिसेल तो. तुमची तशी असेल तर दोन ड्राइव्हसाठी हब घेण्यात अर्थ नाही.

आता आमचं प्रामाणिक मत. १ टीबी गाडीत नेण्याची गरज नाही. ३२० केबीपीएसची एमपी३ मिनिटाला २.४ एमबी घेते. १२८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सुमारे ८८८ तासांचं गाणं मावतं. रोज दीड तास गाडीत काढलात तरी तेच पद पुन्हा कानावर पडायला दीड वर्षाच्या वर लागेल. मूळ संग्रह घरी ठेवा, त्यातून निवड करून १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह थेट पोर्टला लावा. हब नको, वीज नको, वायर नको. सगळा संग्रहच बरोबर हवा असेल तर तबकडीची डिस्क न घेता एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारं काही नसतं आणि नुसतं वाचताना तिचा करंट तबकडीच्या डिस्कपेक्षा सहसा कमी असतो.

फॉरमॅटचं राहिलं. एमबीआर (ड्राइव्हवरच्या भागांची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) वापरून केलेलं एकच पार्टिशन, म्हणजे भाग, आणि फॅट ३२, हे जवळजवळ सगळ्या सिस्टीमना चालतं. एक्सफॅट काहींना चालतं, एनटीएफएस त्याहून कमींना. लॅपटॉपवर चालणारी डिस्क गाडीत दिसत नाही याचं करंटखालोखालचं कारण म्हणजे जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचं पार्टिशन, किंवा एनटीएफएस. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट ३२ चा पर्याय बहुधा येत नाही. त्यासाठी रुफस नावाचं मोफत साधन वापरावं. मॅकवर डिस्क युटिलिटीमध्ये एमएस-डॉस फॅट आणि मास्टर बूट रेकॉर्ड हे दोन्ही निवडावेत. फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, पण गाण्यांना ती अडचण येत नाही.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): माझी सिस्टीम हब ओळखते, दोन ड्राइव्हही दिसतात. हबला वेगळी वीज देऊन सगळं कन्सोलच्या आत बसवायचं आहे, बाहेर फक्त एक पोर्ट दिसावा. ॲक्सेसरीच्या दुकानात सांगतात, स्टिरिओच्या मागची लाल वायर सोलून जोडू, दहा मिनिटांचं काम. हे बरोबर आहे का? बरोबर पद्धत कोणती?

उत्तर: वायर सोलून जोडू देऊ नका. सोललेल्या जागी तांबं उघडं पडतं, टेप उन्हाळ्यात चिकटपणा सोडते, आणि त्या जोडावर स्टिरिओच्या फ्यूजशिवाय दुसरं संरक्षण नसतं. शिवाय हार्नेस, म्हणजे गाडीच्या मूळ वायरींचा जुडगा, कापलेला दिसला की पुढे विजेच्या कुठल्याही बिघाडावर वॉरंटीचा वाद होतो. एकही मूळ वायर न कापता हे काम होतं.

कन्सोल उघडण्याआधी पंधरा दिवस तात्पुरतं चालवून पाहा. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये चांगला २.४ अँपिअरचा चार्जर लावा, त्यातून हबच्या वीज घेणाऱ्या भोकात ५ व्होल्ट द्या, हब सीटच्या बाजूला ठेवा. इतके दिवस एकदाही ड्राइव्ह गेला नाही, तरच पुढे जा. या पायरीचा कंटाळा केल्यामुळेच अनेकांना कन्सोल दोनदा उघडावं लागतं.

सामान असं घ्या. यूएसबी २.० चा, वीज घेणारा हब. गाडीची सिस्टीम बहुतेक २.० चीच असते आणि गाण्याला लागणारा वेग तिच्या ४८० मेगाबिटपुढे काहीच नाही, म्हणून ३.० साठी जास्त पैसे घालू नका. हबच्या लेबलवर ५ व्होल्टच लिहिलेलं असावं. काही हब १२ व्होल्टच्या अडॅप्टरचे असतात, आणि गाडीत १२ व्होल्टच आहेत म्हणून लोक ते थेट जोडतात. पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो, आणि मधूनच येणारे झटके त्याहून कितीतरी मोठे असतात. तेव्हा ५ व्होल्टचा हब आणि त्याच्यासाठी १२ चे ५ करणारा कन्व्हर्टर हवा. कन्व्हर्टर इनपुट ९ ते ३६ व्होल्ट, आउटपुट ५ व्होल्ट ३ अँपिअर, ॲल्युमिनियमच्या खोक्यात राळ ओतून बंद केलेला घ्या. उघड्या हिरव्या पट्टीचा कन्व्हर्टर धुळीत आणि हादऱ्यात टिकत नाही. बाकी फ्यूज टॅप (जुन्या फ्यूजच्या जागी बसून दुसरी लाइन काढून देणारा जोड), ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज, ०.७५ चौ. मिमीची लाल आणि काळी वायर तीन-तीन मीटर, रिंग टर्मिनल, कपड्याची हार्नेस टेप, झिप टाय, प्लॅस्टिकच्या क्लिपा उघडायची नायलॉनची पट्टी आणि एक मल्टिमीटर. हब आणि कन्व्हर्टर जेल रोडच्या दुकानांत मिळतील. घेताना दुकानातच मीटर लावून आउटपुट ४.९ ते ५.२ व्होल्टमध्ये येतं का ते पाहा.

फ्यूज ३ अँपिअरचाच का? ५ व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे १५ वॉट. कन्व्हर्टरमध्ये काही वाया जातं, ते धरून बॅटरीकडून सुमारे १८ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला दीड अँपिअर. ३ चा फ्यूज त्याला पुरेसा आहे आणि ०.७५ ची वायर तापण्याच्या कितीतरी आधी तो जातो. फ्यूज वायरला वाचवतो, हबला नाही. म्हणून तो वायरच्या सुरुवातीला, फ्यूज बॉक्सपाशीच हवा, हबजवळ नाही.

आता काम. हँडब्रेक ओढून चाकाखाली दगड ठेवा, कारण गिअरची दांडी हलवावी लागेल. चावी काढा, १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा आणि किमान ३ मिनिटं थांबा. गाडीच्या पुस्तकात जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा. काही गाड्यांमध्ये बॅटरी काढल्यावर स्टिरिओ कोड मागतो, तो आधी लिहून ठेवलेला असावा.

थांबायचं कारण एअरबॅग. तिचा कंट्रोल डबा पुष्कळ गाड्यांत नेमका मधल्या कन्सोलखाली, गाडीच्या तळाच्या मधल्या लांबट उंचवट्यावर बसवलेला असतो, आणि बॅटरी सोडली तरी त्यात काही वेळ वीज साठलेली राहते. कन्सोलखाली पिवळं आवरण किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावायचा नाही, त्यावरून वायर न्यायची नाही, त्याला झिप टाय बांधायचा नाही. त्या डब्याजवळ ड्रिलही नको. एवढी एक गोष्ट नीट पाळलीत तर बाकीच्या चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

गिअरच्या दांडीभोवतीचं कातडी आवरण वर उचला. त्याची चौकट चार-सहा क्लिपांवर असते. नायलॉनची पट्टी मागच्या कोपऱ्यात घालून हळू उचका, टक् असा आवाज येऊन क्लिप सुटते. पेचकसाने उचकलंत तर प्लॅस्टिकवर कायमचा ओरखडा राहतो. स्क्रू बहुधा कप होल्डरच्या रबरी चटईखाली, हँडब्रेकच्या मागे आणि पुढे पायांच्या बाजूला लपलेले असतात. सगळे काढूनही कन्सोल हलत नसेल तर एक स्क्रू राहिलाय. जोर लावू नका, शोधा.

फ्यूज बॉक्समध्ये १२ व्होल्टच्या सॉकेटचा फ्यूज शोधा, तो बहुधा १५ किंवा २० अँपिअरचा असतो. तो चावी ॲक्सेसरीवर (इंजिन बंद, फक्त स्टिरिओ आणि सॉकेट चालू) असतानाच चालू होतो ना, हे बॅटरी सोडवण्याआधीच मीटरने तपासून ठेवा. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिन ईसीयू (इंजिनाचा कंट्रोलर) यांच्या फ्यूजवर टॅप बसवायचा नाही. जुना फ्यूज काढून टॅप लावा, सुरुवातीला टॅपमध्ये फक्त नवा ३ अँपिअरचा फ्यूज घाला, बॅटरी तात्पुरती जोडून चावी फिरवा. टॅपच्या वायरवर १२ व्होल्ट आले तर टॅप योग्य बाजूने बसला आहे. नाही आले, तर काढून उलटा फिरवून लावा. उलटा लागलेला टॅप चालतो खरा, पण मग हबचा करंटही जुन्या फ्यूजमधूनच जातो आणि तुम्हाला वाटतं तसं दोन्ही सर्किट वेगळी राहत नाहीत. जुना फ्यूज नंतर त्याच्या जागी घाला.

काळी वायर बॉडीच्या पत्र्यातल्या बोल्टला. जिथे रिंग बसणार तिथला रंग सँडपेपरने खरवडून पत्रा चमकेपर्यंत साफ करा. रंगावर बसवलेलं अर्थिंग आज चालतं आणि पावसाळ्यात दगा देतं. काम झाल्यावर सगळं चालू ठेवून त्या बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावा, ५० मिलिव्होल्टच्या आत असायला हवं.

वायर गिअरच्या लिंकपासून, हँडब्रेकच्या दांडीपासून आणि सीटच्या रुळापासून लांब न्या. नेल्यावर पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून, हँडब्रेक पूर्ण ओढून-सोडून, सीट पुढे-मागे करून पाहा. वायर कुठेही ताणली किंवा घासली जाऊ नये. टेप कपड्याचीच वापरा. काळी प्लॅस्टिकची टेप मे महिन्यात चिकट लगदा होऊन सरकते आणि वायर पत्र्यावर खडखडत राहते. हब कन्सोलच्या तळाला दुहेरी फोम टेपने चिकटवा आणि वर एक झिप टाय, कारण नुसत्या फोमच्या भरवशावर तो टिकत नाही. कन्व्हर्टर पत्र्याला टेकवून बांधा, म्हणजे त्याची उष्णता पत्रा घेतो.

बाहेरच्या पोर्टसाठी शक्यतो रिकाम्या बटणाची प्लेट वापरा, कन्सोलला भोक पाडण्यापेक्षा ते बरं. भोकच पाडायचं असेल तर लायटरच्या आकाराची गोल सॉकेट २८ ते २९ मिमीच्या भोकात बसतात. आधी पुठ्ठ्यावर भोक पाडून मापून पाहा, मागे किती खोल जागा आहे तेही.

शेवटची एक सवय. सेल्फ मारताना ॲक्सेसरी लाइन क्षणभर बंद होते, त्यामुळे ड्राइव्ह बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आधी गाडी सुरू करा, मग म्युझिक सिस्टीम लावा.

प्रश्न (देवास): बाजारात हब आणि वीज जोडून घेतली. तेव्हापासून चावी काढली तरी स्टिरिओची बटणं मंद पेटलेली राहतात आणि गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरी वर्षाचीच आहे.

उत्तर: दोन चुका एकत्र झाल्या आहेत. हबला वीज थेट बॅटरीच्या कायम चालू लाइनवरून दिली आहे, आणि हब ती वीज स्टिरिओला जोडणाऱ्या केबलमधून उलटी स्टिरिओच्या पोर्टमध्ये ढकलतो आहे. म्हणून बटणं पेटलेली राहतात. यात स्टिरिओचा यूएसबी भाग जळूही शकतो, त्यामुळे आजच हबची वीज काढा.

हब उलटी वीज देतो का, हे तपासणं सोपं आहे. हबला फक्त त्याची वीज द्या, स्टिरिओकडे जाणारं टोक मोकळं ठेवा. त्या टोकाच्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन पट्ट्यांवर मीटर लावा. शून्याच्या जवळ आकडा हवा. ४ ते ५ व्होल्ट दिसले तर तो हब गाडीसाठी बाद. केबलमधली लाल तार कापून टाका असा सल्ला मिळतो, पण स्टिरिओ जोडला गेला आहे हे काही हब त्या तारेवरूनच ओळखतात, आणि मग ते चालेनासे होतात. दुसरा हब घेणं सोयीचं.

बॅटरीचं मोजमापही करा. निगेटिव्ह सोडवून मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून मध्ये जोडा, दारं बंद करून अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. २० ते ५० मिलिअँपिअर दिसणं साधारण बरोबर आहे. समजा १८० दिसले. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्याने आठ दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि चार दिवसांत निम्मी. वर्षभर वापरलेली निम्मी बॅटरी सेल्फ फिरवेलच असं नाही. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आणि वीज ॲक्सेसरी लाइनवर आणा, वरच्या उत्तरात सांगितलं तशी.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर): आमची गाडी दिवसभर ऑफिसच्या आवारात उन्हात असते. ड्राइव्ह कन्सोलमध्येच राहिला तर चालेल का?

उत्तर: ड्राइव्ह कोणता, त्यावर आहे. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना बंद गाडीतली हवा ६० च्या पुढे जाते आणि ऊन थेट पडणारा डॅशबोर्डचा वरचा भाग त्याहून खूप तापतो. तबकडीच्या पोर्टेबल डिस्कच्या कागदावर वापराची मर्यादा बहुधा ३५ अंश छापलेली असते, साध्या पोर्टेबल एसएसडीच्या कागदावर मॉडेलप्रमाणे ६० किंवा त्याहून कमी, आणि डॅशकॅमसाठी बनवलेल्या हाय एंड्युरन्स मायक्रोएसडी कार्डांवर ८५. तबकडीच्या डिस्कला उन्हाबरोबर हादरेही सोसत नाहीत. तिच्या आत वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, आणि खंडवा रोडला भेरूघाटाची वळणं आणि खड्डे घेताना ती चालू असते. ती गाडीत नकोच.

पेन ड्राइव्ह किंवा एसएसडी आर्मरेस्टखालच्या कप्प्यात ठेवा, तिथे ऊन पोचत नाही. डॅशबोर्डवर किंवा काचेजवळच्या पोर्टवर नको. तापलेल्या गाडीत बसल्यावर काचा उघडून एसी लावा आणि पाच-दहा मिनिटांनी गाणी सुरू करा. हाय एंड्युरन्स कार्ड छोट्या कार्ड रीडरमध्ये घालून पोर्टला लावणं हा आमच्या मते आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी सगळ्यात भरवशाचा पर्याय. घरी प्रत हवीच. फ्लॅशमध्ये साठवलेली माहिती उष्णतेत लवकर क्षीण होते.

प्रश्न (महू): कन्व्हर्टर लावल्यापासून एफएमवर ९८.३ च्या आसपास खरखर येते. ड्राइव्हवरची गाणी स्वच्छ वाजतात.

उत्तर: कन्व्हर्टरच आहे. आतला स्विच सेकंदाला लाखभराच्या वर वेळा चालू-बंद होतो आणि त्याची कुजबुज ८८ ते १०८ मेगाहर्ट्झपर्यंत पोचते. टॅपमधला नवा फ्यूज काढून रेडिओ लावा, खरखर थांबली की खात्री झाली. क्लिपचे फेराइट (वायरवर बसणारे, असली कुजबुज अडवणारे कडे) घ्या, एक कन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बाजूला, एक ५ व्होल्टच्या बाजूला, दोन्ही खोक्याला चिकटून, आणि वायरचे प्रत्येकी दोन-तीन वेढे त्यातून काढा. फेराइट वायरच्या दुसऱ्या टोकाला लावला तर काही उपयोग होत नाही, मधली वायर तोवर अँटेना झालेली असते. रेडिओच्या अँटेनाच्या केबलपासून कन्व्हर्टर हातभर लांब न्या. तरीही राहिली तर धातूच्या खोक्याचा दुसरा कन्व्हर्टर.

इंजिनचा वेग वाढला की सूं आवाज चढतो, तो प्रकार वेगळा. तो ऑक्स केबलने फोन जोडून त्याच फोनला गाडीतून चार्ज केलं की येतो, दोन अर्थिंगच्या मधल्या फरकामुळे. यूएसबीवरून गाणं अंकांच्या रूपात जातं, त्यात हा आवाज शिरत नाही.

प्रश्न (तिलक नगर, इंदूर): पेन ड्राइव्हवर गाणी घरी क्रमाने दिसतात, गाडीत उलटसुलट वाजतात. मराठी नावांच्या जागी चौकोन येतात. गाडी सुरू केल्यावर यादी यायला दोन-तीन मिनिटं लागतात.

उत्तर: काही सिस्टीम नावाप्रमाणे क्रम लावत नाहीत, ड्राइव्हवर फाइल ज्या क्रमाने लिहिली गेली त्याच क्रमाने वाचतात. म्हणून आधी संगणकावर नावांच्या पुढे ००१, ००२ असे तीन आकडे लावा, ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करा आणि एक-एक फोल्डर क्रमाने कॉपी करा. नंतर मध्येच एखादं गाणं घातलं तर ते शेवटी जातं, त्याला इलाज नाही.

चौकोन येतात कारण सिस्टीममध्ये देवनागरी फाँट नाही. फाइलचं नाव आणि आतली माहिती, दोन्ही रोमन लिपीत लिहावी लागतील. एमपी३टॅग या मोफत साधनाने शेकडो फाइलींचं एकदम करता येतं. माहिती आयडी३ (एमपी३ फाइलीच्या आत गाण्याची माहिती लिहिण्याची पद्धत) च्या २.३ आवृत्तीत साठवा, २.४ जुन्या सिस्टीमना नीट वाचता येत नाही. फाइलीला चिकटवलेलं कव्हरचं चित्र ५०० पिक्सेलपेक्षा मोठं नको. मोठी चित्रं आणि हजारो फाइली, यांनीच यादी यायला उशीर होतो. मॅकवरून कॉपी केली असेल तर बिंदू आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली पुसून टाका, नाहीतर प्रत्येक गाण्याआधी एक न वाजणारं गाणं लागतं.

प्रश्न (विजय नगर, इंदूर): हबमधून आयफोन लावला की कारप्ले (गाडीच्या स्क्रीनवर आयफोन चालवायची सोय) सुरू होत नाही, थेट पोर्टला लावला की होतो.

उत्तर: तारेने कारप्ले सुरू होताना फोन आणि स्टिरिओ यूएसबीवरच्या भूमिका बदलतात, फोन मालक होतो. साध्या हबच्या, फोन लावायच्या पोर्टला ही अदलाबदल करता येत नाही. हबमध्ये दोष नाही, पण इलाजही नाही. फोन थेट पोर्टला आणि गाणी फोनमध्येच, किंवा सिस्टीमला दुसरा डेटा पोर्ट असेल तर ड्राइव्ह तिथे. पोर्टवर बॅटरीचं चित्र असेल तर तो फक्त चार्जिंगचा, त्यात ड्राइव्ह लावू नका.

प्रश्न (उज्जैन): स्वस्तात १ टीबीचा पेन ड्राइव्ह मिळाला. सुरुवातीची गाणी वाजतात, पुढची कॉपी झालेली दिसतात पण वाजत नाहीत.

उत्तर: ड्राइव्ह बनावट आहे. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि संगणकाला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपल्यावर लिहिलेलं सगळं हवेत जातं किंवा जुन्यावर चढतं. एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत साधन ड्राइव्ह पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतं आणि खरी जागा किती ते सांगतं. मोठ्या ड्राइव्हला कित्येक तास लागतात, रात्री लावून ठेवा. कुठलाही नवा ड्राइव्ह घेतल्यावर त्यावर एकही गाणं टाकण्याआधी ही चाचणी करावी, आणि बिल तोवर जपून ठेवावं.